पथ्य काय, मॅडम?

डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, गोळ्या समजावून होतात, टाके काढायची तारीख ठरते, आणि मग रुग्णाचा नवरा किंवा सून किंवा मुलगा तो प्रश्न विचारतोच. "मॅडम, पथ्य काय?" आमच्या प्रशिक्षणात या प्रश्नाला जागा नव्हती. गाठ कुठून सोडवायला घ्यायची, कुठली रक्तवाहिनी आधी बांधायची, आतड्याची दोन टोकं ताण न येता कशी जोडायची, हे आम्ही शिकलो. पथ्याचं आहारतज्ज्ञांकडे जायचं. पोटात पसरलेल्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करण्यात उमेदीची वर्षं गेल्यावर आज मला वाटतं, की आमच्या कामाची खरी परीक्षा याच प्रश्नात आहे. हा आजार सगळ्यात आधी माणसाचं जेवण हिरावतो. आमच्या उपचारांनी तो माणूस पुन्हा चार माणसांत पानावर बसला की नाही, हे मी हल्ली स्कॅनच्या रिपोर्टइतकंच गंभीरपणे पाहते.

पोटाच्या भिंतीला आतून आणि आतड्यांना बाहेरून एक पातळ, ओलसर, चकचकीत अस्तर असतं. त्याचं नाव पेरिटोनियम. सगळं उलगडून पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या त्वचेएवढं भरतं. अंडाशय, अपेंडिक्स, मोठं आतडं किंवा जठर यांतला कॅन्सर त्या अवयवाच्या भिंतीबाहेर आला की त्याच्या पेशी पोटात सुटतात आणि या अस्तरावर रुजतात. दुर्बीण आत घातली की साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या पांढुरक्या गाठी जागोजागी चिकटलेल्या दिसतात. आतड्यांवर पसरलेला चरबीचा मऊ पडदा कडक होतो, पाणी साठतं, आतडी एकमेकांना धरून बसतात.

बायका येतात तेव्हा बहुतेकींची हकिगत सारखीच असते. चार-सहा महिने "गॅस" झालेला असतो. ॲसिडिटीच्या गोळ्या होतात, ओवा-हिंग होतो, कुणी नाभी सरकलीय म्हणून पोट चोळून देतं. दोन घासांत पोट भरतं. हातपाय वाळत जातात आणि परकराची नाडी पुरेनाशी होते. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारी बाई किती जेवते, हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिचा आजारही उशिरा लक्षात येतो. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आमच्याकडे पोचतात, त्यामागे आजाराच्या स्वभावाइतकीच ही रीतही आहे असं माझं मत आहे.

पोटात पाणी झालं की आपल्याकडे दुसरा एक आजार मध्ये येतो, तो म्हणजे टीबी. पोटाच्या टीबीतही पाणी होतं, वजन उतरतं, अस्तरावर बारीक दाणे येतात, रक्तातलं सीए-१२५ वाढतं. स्कॅनवर दोन्ही इतके सारखे दिसतात, की नुसत्या फोटोवरून ठरवू नये. पंचविशीही न गाठलेली एक मुलगी माझ्याकडे अंडाशयाचा कॅन्सर म्हणून आली होती. सीए-१२५ पाचशेच्या वर, जे पस्तिसाच्या आत असायला हवं. तिचे आईवडील रडून थकले होते आणि ठरलेलं लग्न मोडलं होतं. दुर्बिणीतून तुकडा काढला, तो टीबी निघाला. औषधांचा कोर्स पुरा केल्यावर ती परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, इतकी ती भरली होती. उलट दिशेने येणारेही असतात. टीबीच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्यावर पाणी ओसरत नाही म्हणून पाठवलेले. तोवर आजार पुढे गेलेला असतो. म्हणून तालुक्याच्या डॉक्टर मित्रांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. तुकडा तपासल्याशिवाय कुठलाच कोर्स सुरू करू नका.

तुकडा काढायचा म्हटलं की घरचे दचकतात. "सुई टोचली की पसरतो म्हणतात." "सुरी लागली की माणूस राहत नाही." यावर चिडून उपयोग नाही. ही समजूत लोकांनी हवेतून आणलेली नाही. एके काळी पोटाच्या कॅन्सरचा रुग्ण शस्त्रक्रियेला यायचाच इतक्या उशिरा, की सर्जन पोट उघडायचे, पसरलेलं पाहायचे, तसंच शिवून टाकायचे आणि माणूस दोन महिन्यांत जायचा. गावाने पाहिलं ते एवढंच, की चालत गेला होता आणि सुरी लागल्यावर गेला. मी हे असंच सांगते. समोरचा मान हलवतो, कारण त्याच्या आठवणीत असा कुणीतरी काका असतोच.

मी परळला टाटा मेमोरियलमध्ये शिकले. १९४१ साली सुरू झालेलं हे रुग्णालय, आणि त्याच्या आसपासच्या फुटपाथवर पथारी टाकलेले बिहार-बंगालपासूनचे लोक. ज्यांना जागा मिळे ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरत. केमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस माणसं कशी काढतात, रांगेत डबा कसा वाटून खातात, ते मी तिथे पाहिलं. तेव्हा पोटभर पसरलेला आजार म्हणजे शस्त्रक्रियेची हद्द संपली असं बहुतेक सर्जन मानत. अंडाशयाचा कॅन्सर तेवढा अपवाद होता.

हे बदलण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. १९८०च्या सुमारास केंटकीतल्या लुईव्हिल इथे जॉन स्प्राट यांनी एका रुग्णाच्या पोटात गरम केलेलं केमोचं औषध फिरवलं. पुढे वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर यांनी हे आजारी अस्तर भागाभागाने सोलून काढण्याच्या पद्धती बसवल्या आणि १९९५ मध्ये त्या तपशीलवार मांडल्या. पसरलेला आजार म्हणजे सगळ्या शरीराचा आजार, हे गृहीत धरण्याऐवजी बऱ्याच काळापर्यंत तो पोटापुरता असू शकतो, असा त्यांचा आग्रह होता. अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. मला मात्र त्यांचा एक साधा हिशेब पटला. औषध गाठीत दोन-तीन मिलिमीटरच शिरतं. तेव्हा डोळ्यांना दिसतं ते सगळं हातांनी काढायचं आणि न दिसणाऱ्यासाठी गरम औषध वापरायचं.

प्रत्यक्षात हे फार लांबलचक काम आहे. सकाळी छातीच्या हाडापासून ओटीपोटाच्या तळापर्यंत एकच उभा छेद घ्यायचा. पहिला अर्धा तास नुसतं मोजायचं. पोटाचे नऊ आणि लहान आतड्याचे चार असे १३ भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, वाईटात वाईट बेरीज ३९. मग उजव्या बाजूने यकृत सोडवून श्वासपटलावरचं अस्तर सोलायचं, चरबीचा पडदा काढायचा, गरज पडली तर प्लीहा, गर्भाशय, गुदाशयाचा वरचा भाग. दुपार उलटून जाते. मग नळ्या बसवल्या जातात, पंप सुरू होतो, आणि ४१ ते ४३ अंश सेल्सिअसचं औषध अर्धा ते दीड तास पोटात फिरतं. त्या वेळात सर्जनला हात हलवण्यापलीकडे फारसं काम नसतं. खरी लढाई भूलतज्ज्ञाची असते. रुग्णाचं तापमान, रक्तदाब, लघवीचे मिलिलिटर. मी माझ्या भूलतज्ज्ञ सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरून केस कशी चाललीय ते ओळखायला शिकले आहे. त्यांनी "थांबा" म्हटलं की मी थांबते, त्यावर चर्चा नाही.

या शस्त्रक्रियेचा खरा निकाल लहान आतड्यावर ठरतो. बाकी बरंच काही काढून माणूस जगतो. प्लीहेशिवाय जगतो, त्यासाठी लसी घ्याव्या लागतात एवढंच. जठराशिवायही जगतो, थोडं थोडं खाऊन. लहान आतडं मात्र पुरेसं उरलंच पाहिजे, कारण अन्न अंगी लागतं ते तिथे. ते उरलं नाही तर शिरेतून अन्न देत राहावं लागतं, आणि महिनोन्महिने घरी ते देणं आपल्याकडच्या कुटुंबांना परवडत नाही. म्हणून मी सुरुवातीच्या टोकापासून शेवटापर्यंत सगळं आतडं बोटांमधून सरकवत पाहते. दाणे विरळ असतील तर एकेक काढता येतात. आतड्याच्या कडेला, जिथून रक्तवाहिन्या येतात तिथे ते दाटीने बसलेले असतील, तर सुरी खाली ठेवायची. हे पाहण्यासाठी आता आम्ही मोठा छेद घेतच नाही. आधी दुर्बीण घालतो.

जठराच्या कॅन्सरचा एक तरुण शेतकरी आठवतो. स्कॅनमध्ये पसरलेलं काही दिसत नव्हतं. सगळ्यांना आशा होती, मलाही. दुर्बीण घातली आणि लहान आतडं पूर्ण दाण्यांनी भरलेलं. वीस मिनिटांत बाहेर आलो. त्याच्या बायकोला समोर बसवून मी दुर्बिणीतले फोटो दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे काढलं असतं तर त्यांना जेवता आलं नसतं?" मी हो म्हटलं. "मग नाही काढलं ते बरं केलंत." केमोवर तो वर्षभराहून थोडा अधिक जगला. त्यातला बराच काळ तो स्वतःच्या हाताने जेवत होता आणि शेतावर जात होता. मोठी शस्त्रक्रिया केली असती तर त्यातला बहुतेक वेळ तो आमच्या वॉर्डात असता.

अपेंडिक्समधून येणारा एक विरळा आजार आहे. सगळं पोट चिकट जेलीने भरून जातं. एका गृहस्थांचं हर्निया म्हणून छोट्या गावात ऑपरेशन चाललं होतं. हर्नियाच्या पिशवीतून ती जेली आली, आणि तिथल्या सर्जनने पुढे काहीही न करता टाके घातले, नमुना बाटलीत भरून चिठ्ठीसकट आमच्याकडे पाठवला. त्या डॉक्टरांचं मला फार कौतुक आहे. अर्धवट हात घातला असता तर पुढचं काम दुप्पट अवघड झालं असतं. आम्ही दिवसभर जेली उपसत होतो, बादल्या भरत होत्या. हा आजार संथ असतो आणि पूर्ण निघाला तर अनेक रुग्ण दहा-पंधरा वर्षं जगतात. ते गृहस्थ अजून दर वर्षी येतात, येताना घरचा गूळ आणतात.

अशा रुग्णांवरून मात्र सगळ्यांचा अंदाज बांधता येत नाही, आणि इथे मला स्पष्ट बोलायला हवं. आजकाल नातेवाईक मोबाइलवर व्हिडिओ घेऊन येतात. "आम्हाला गरम केमोच पाहिजे." त्यांना मी आकडे समजावते. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या १०५ रुग्णांच्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रिया आणि गरम केमो दिल्यावर आयुर्मान साधारण साडेबारा महिन्यांवरून बावीस महिन्यांवर गेलं. आम्ही सगळे हरखलो होतो. पण श्रेय शस्त्रक्रियेचं की गरम औषधाचं? फ्रान्समधल्या २६५ रुग्णांच्या अभ्यासात सगळ्यांची पूर्ण शस्त्रक्रिया केली आणि गरम औषध निम्म्यांनाच दिलं. दोन्ही गटांचं आयुर्मान ४१ महिन्यांच्या आसपास आलं. म्हणजे मोठ्या आतड्याच्या बाबतीत सफाई कामाची, त्या गरम औषधाने वर भर घातली नाही. अंडाशयाचं वेगळं निघालं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्याच २४५ बायकांच्या अभ्यासात आधी केमो, मग शस्त्रक्रिया आणि तिच्याच वेळी गरम सिस्प्लॅटिन दिल्यावर आयुर्मान ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेलं. त्यावरही वाद चालू आहेत. अवयव कुठला, आधीची केमो किती लागू पडली, माणसाची ताकद किती, हे पाहूनच ठरवायचं. जमीन गहाण टाकून गरम केमो मागायला आलेल्या मुलाला, "तुझ्या वडिलांना याचा उपयोग नाही," हे सांगणं हे माझ्या कामातलं महत्त्वाचं काम आहे. महात्मा फुले योजनेत बसणारी शस्त्रक्रिया आणि केमो नीट, वेळेवर पूर्ण करणं त्यांच्या जास्त फायद्याचं असतं.

वेळेवर म्हणजे कधी, हेही सर्जन एकटा ठरवत नाही. अंडाशयाच्या आजारात पुष्कळदा आधी केमोच्या तीन फेऱ्या, मग शस्त्रक्रिया, मग उरलेल्या फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत पाणी ओसरतं, बाई जेवायला लागते, वजन घेते, आणि तीच बाई शस्त्रक्रियेला वेगळ्या ताकदीने येते. केमो देणारे सहकारी, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि आम्ही दर आठवड्याला एका टेबलाशी बसतो. या बैठकीत मी भांडलेही आहे. पण तिथे ठरलेला क्रम मी एकटीने बदलत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या त्या आठवड्यांत पथ्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे येतो. कुणीतरी दूध बंद केलेलं असतं, कुणी साखर, कुणी अंडी, कुणी "आंबट म्हणून" ताक. गव्हांकुराच्या रसावर बाई राहिलेली असते आणि रक्तातलं अल्ब्युमिन घसरलेलं असतं. अशा शरीरात आतड्याची जोड धरत नाही. मी घरातल्या एका माणसाला जबाबदार नेमते, शक्यतो सासूला किंवा मोठ्या मुलीला. रोज दोन अंडी. अंडी चालत नसतील तर मूग, दाण्याची चिक्की, पनीर, दही. नाचणीचं सत्त्व, हुलग्याचं माडगं. दोनदा जिना चढायचा, श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र ओढायचं. ही यादी ऐकून सासवांच्या चेहऱ्यावर उजेड येतो. त्यांच्या हातात काहीतरी आलेलं असतं.

पोटावर पिशवी असलेल्या एका आजींचा आषाढीचा उपास मला चांगलाच आठवतो. लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं की पाणी आणि मीठ फार जातं. त्यात निर्जळी उपास म्हणजे किडन्यांवर संकट. आजी ऐकेनात. "एवढ्या वर्षांत चुकली नाही." शेवटी आमच्या सिस्टरनीच तोड काढली. "आजी, शेंदेलोण उपासाला चालतं ना? साखर चालते? मग शेंदेलोण-साखरेचं पाणी दिवसभर प्यायचं, विठ्ठलाला चालतं." आजींनी ते मानलं. वॉर्डातल्या सिस्टरना माणसं आमच्याहून लवकर कळतात. बेंबीत उठणाऱ्या कॅन्सरच्या गाठीला जगभर सिस्टर मेरी जोसेफ यांचं नाव आहे. त्या अमेरिकेत मेयो यांच्या शस्त्रक्रियांत साहाय्य करणाऱ्या परिचारिका होत्या. शस्त्रक्रियेआधी त्वचा स्वच्छ करताना, ज्यांच्या बेंबीत गाठ असते त्यांचं पोट आत भरलेलं निघतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस लांब असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "वारा सरला" असं कुणी सांगितलं की अख्ख्या वॉर्डाला बरं वाटतं. पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत जोड फुटण्याची भीती असते. ताप, वाढलेली नाडी, पोटातल्या नळीतून बदललेल्या रंगाचं पाणी. काही रुग्ण या टप्प्यात गेले आहेत. सगळं व्यवस्थित करूनही गेले आहेत. म्हणून आधीच्या भेटीत मी मृत्यूची शक्यता कागदावर लिहून दाखवते, रुग्णाला स्वतःला. "आईला काही सांगू नका" म्हणणाऱ्या मुलांना मी बाहेर बसायला सांगते आणि आईला विचारते, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" बहुतेक आयांना सगळं माहीत असतं. त्या मुलांसाठी गप्प असतात.

आणि शेवटी असे रुग्ण येतात, ज्यांची आतडी अनेक ठिकाणी बंद झालेली असतात आणि शस्त्रक्रियेने ती उघडणार नसतात. नाकातल्या नळीने उलट्या थांबतात, पण ती नळी माणसाला सोसवत नाही. काहींच्या पोटातून जठरात थेट एक नळी घालता येते. वर प्यायलेलं खाली पिशवीत उतरतं. एका निवृत्त गृहस्थांना अशी नळी घातल्यावर त्यांनी तीन आठवड्यांत पहिल्यांदा चहा मागितला. चहा पोटात टिकणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. तोंडाला चव तर लागली, म्हणाले, आणि दुसरा कप मागितला. सोबत मॉर्फिन होतं. १९८५च्या कायद्याने ते मिळवणं इतकं किचकट केलं होतं, की पुष्कळ रुग्ण वेदनेत गेले. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी अजून कितीतरी ठिकाणी ते ठेवलं जात नाही. पोटाचा कॅन्सर हाताळणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात ते असायलाच हवं, असा माझा आग्रह आहे.

हल्ली माझा बराच वेळ रुग्णांच्या मुलींशी बोलण्यात जातो. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या काही बायकांत बीआरसीए जनुकातला दोष आईबापांकडून आलेला असतो. तो कळला तर आईसाठी औषधं बदलतात, आणि मुलींना आधीच सावध होता येतं. हा दोष असलेल्या बाईने मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या तर हा आजार बहुतांशी टळतो. सध्या माझ्याकडे एक आई केमो घेतेय, तिच्यात हा दोष सापडलाय. तिच्या तीन मुलींपैकी दोघींनी तपासणी करून घेतली. थोरलीत दोष निघाला, तिची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. धाकटी अजून तयार नाही. लग्नाची बोलणी चालू आहेत, रिपोर्ट आला तर सासरी सांगावं लागेल, असं तिचं म्हणणं. मी तिला घाई करत नाही. मात्र आईच्या प्रत्येक फेरीला ती सोबत आली, की तिला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोलते.